ज्याची मूठ पातेल्यात

मुनशी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून बसायचे. थंडी असो, उन्हाळा असो, बोळे कानातच. लातूरच्या डाळमिलवाल्यांच्या असोसिएशनचे ते सेक्रेटरी होते, पण त्यांना सेक्रेटरी कोणी म्हणत नसे. ते औशाचे. निजामाच्या वेळेपासून त्यांच्या घरातला कोणी ना कोणी कुठल्या तरी कचेरीत मुनशी असायचाच, म्हणून हेही मुनशी. नवा माणूस ऑफिसात आला की त्याला वाटायचं, म्हातारा बहिरा आहे. तो ओरडून बोलायचा. मुनशी त्याला सगळं ओरडू द्यायचे. मग सावकाश एका कानातला बोळा काढायचे आणि म्हणायचे, "आता बोला."

माणूस दुसऱ्यांदा सांगतो तेव्हा पहिल्याच्या निम्मंच सांगतो. गळालेलं निम्मं खोटं असतं, असं मुनशींचं मत होतं. मलाही ते पटतं.

त्यांना चांगलं ऐकू यायचं. बोळ्यातूनही यायचं. मी मोरीत पेला आपटला तर आतल्या खोलीतून "बाई, टवका उडाला का?" असा आवाज यायचा.

आता लातूरच्या त्या जुन्या कारखान्यांच्या वसाहतीत गेलात तर जिकडं बघाल तिकडं क्लासच्या पाट्या दिसतील. पाट्यांवर मार्क मिळवलेल्या मुलांचे फोटो. त्या पाट्यांच्या गर्दीत आमच्या असोसिएशनचा पत्र्याचा हॉल अजून उभा आहे. एकदा तो जाणार होता. हॉल गेला असता तर मुनशींचं टेबल गेलं असतं आणि माझी चूल गेली असती. तो का गेला नाही, हे लोक आपापल्या परीनं सांगतात. बरेचसे चुकीचं सांगतात. मी तिथं होते, म्हणून मी सांगते.

माझा नवरा डाळमिलमध्ये हमाल होता. तो वारल्यावर मिलच्या मालकानं मला असोसिएशनच्या ऑफिसात पाठवलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. वाटलं, झाडायला आणि चहाला ठेवतील. मुनशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं नाही, की नवरा कशानं गेला ते विचारलं नाही. एवढंच विचारलं, "वरण येतं का?"

मी म्हटलं, "वरण कुणाला येत न्हाई?"

"आमच्या मालकांना," ते म्हणाले, आणि मला पातेलं दाखवलं.

ते पातेलं लग्नाच्या पंगतीला असतं तेवढं होतं. असोसिएशनची महिन्याला एक सभा व्हायची आणि सभेचा रिवाज मुनशींनी घालून दिलेला होता. प्रत्येक मिलमालकानं येताना आपल्या मिलमध्ये त्या दिवशी फोडलेल्या तुरीच्या डाळीची एक मूठ आणायची. दारात मुनशी पातेलं घेऊन बसायचे. आलेल्यानं मूठ पातेल्यात सोडायची आणि मग आत जायचं. सगळ्यांची डाळ एकत्र झाली की मी ती शिजवायची. वरण, भात, लिंबाची फोड, एवढंच जेवण. जेवण होईपर्यंत धंद्याचा शब्द काढायचा नाही. ज्याची मूठ नाही त्याला ताट नाही, आणि ज्याला ताट नाही त्याला सभेत मत नाही.

मला हा सगळा येडेपणा वाटला. नंतर कळलं की त्यात अक्कल होती. हे मालक एकमेकांचे वैरी. एकानं भाव पाडला की दुसरा तडफडायचा. अमका डाळीला पाणी मारतो, तमका जुनी डाळ पॉलिश करून नवी म्हणून विकतो, अशी प्रत्येकाची दुसऱ्याविषयी तक्रार. मुनशींनी ती तक्रारच पातेल्यात टाकली. वाईट डाळ आणली तर ती सगळ्यांच्या ताटात येणार, आणणाऱ्याच्याही. खाताना कोणाची मान खाली गेली ते सगळ्यांना दिसायचं. बोलायची गरजच पडायची नाही.

शिजवणारीला मात्र ताप. प्रत्येक मिलची डाळ वेगळी. एकाची उकळी आली की विरघळायची, दुसऱ्याची तासभर दाताखाली यायची. पहिल्या सभेनंतर मी मुनशींना म्हटलं की कच्चंपक्कं एकत्र शिजत नाही, डाळ वेगवेगळी करून द्या. ते म्हणाले, "बाई, सगळे एकदम शिजले तर ती असोसिएशन कशाची? ती एकाच शेटची मिल झाली." मी म्हटलं, असं असेल तर तुम्ही का खात नाही हे वरण? कारण मी बघितलं होतं, ते आपल्या खोलीत बसून औशाहून आणलेली भाकरी आणि चटणी खात होते.

"माझी मिल कुठं हाय?" ते म्हणाले. "ज्याची मूठ न्हाई त्याला ताट न्हाई."

"मग माझी तरी कुठं हाय?"

"शिजवणारीचा घास पहिला. ते वेगळं."

पुढं कित्येक वर्षं त्या पातेल्यातला एक घास मुनशींनी तोंडात घातलेला मी पाहिला नाही. चव बघायची तर वासावर बघायचे. रोज्याच्या दिवसांत तर वासावरच त्यांचं चालायचं. पातेल्याशी उभे राहायचे, एकदा नाक ओढायचे आणि म्हणायचे, "चालंल." याच्यापेक्षा चांगला शब्द त्यांच्याकडून कधी कोणाला मिळाला नाही. असोसिएशनच्या अध्यक्षांना सरकारकडून कसला तरी मान मिळाला, शाल घालून ते ऑफिसात आले, तेव्हाही मुनशी म्हणाले, "चालंल."

एकदा एका शेटनं मूठ पातेल्यात सोडली आणि मुनशींनी त्याचा हात धरला. सोडलेल्या डाळीतले चार दाणे उचलून तळव्यावर चोळले, नाकाशी नेले. "शेटजी, ह्या डाळीला कडुलिंबाचा वास हाय. मिलमधली डाळ पाल्यात कोण ठेवतंय? ही तुमच्या घरच्या डब्यातली हाय. वहिनींनी निवडलेली." शेट हसून म्हणाले की काय फरक पडतो, उलट चांगलीच आणली. मुनशींनी त्यांना माघारी मिलवर पाठवलं. ते येईपर्यंत सगळे मालक उपाशी बसून राहिले आणि त्यांच्या नावानं बोटं मोडत राहिले. आजची म्हणजे आजची, आपल्या मिलची म्हणजे आपल्या मिलची. ते शेट पुन्हा कधी घरची डाळ आणण्याच्या भानगडीत पडले नाहीत.

हेच बोळे त्यांनी विजेच्या ऑफिसातही चालवले. मिलांची वीज दिवसा बंद व्हायची. मुनशी मालकांना घेऊन साहेबाकडं गेले. साहेबानं वीज का देता येत नाही ते पुष्कळ वेळ समजावलं. समजावून झाल्यावर मुनशींनी बोळा काढला आणि म्हणाले, "माफ करा साहेब, काही ऐकू आलं न्हाई. पुन्हा सांगता का?" साहेबानं पुन्हा सांगितलं. मुनशींनी दुसरा बोळा काढला. "या कानाला पुन्हा सांगा." मालकांना हसू आवरेना, पण मुनशींच्या तोंडावर काही नाही. शेवटी साहेबच कंटाळला आणि सकाळची वीज देतो म्हणाला. ही गोष्ट मालक मंडळी आजही सांगतात, आणि प्रत्येक वेळी साहेबाचा हुद्दा एक पायरी वर चढतो.

भूकंप झाला तेव्हा आम्ही लातूरकर घराबाहेर पळालो. माझ्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली, त्यात मी चिंध्या कोंबल्या. आमचं तेवढ्यावर भागलं. खाली औसा तालुक्याकडची गावंच्या गावं दगडमातीत बसली. मुनशींच्या घराची पडवी पडली होती, तरी ते जी पहिली एसटी निघाली तिनं ऑफिसात आले. मालक अंगणात उभे होते, हॉलमध्ये जायला कोणी धजत नव्हतं. तिथल्या तिथं ठरलं की भूकंपाच्या गावांना डाळ पाठवायची. त्या दिवशी कोणी हात आखडला नाही, हे खरं आहे. पण प्रत्येकाचा ट्रक वेगळा आणि ट्रकवर ज्याच्या त्याच्या मिलच्या नावाचं कापड. कोणाचा ट्रक आधी पोचतो यावरही चुरस लागली.

ट्रक गेले आणि रिकामे आले. ड्रायव्हर म्हणाले, पोती रस्त्याच्या कडेला उतरवली, पण कोणी हात लावत नाही. मालकांना राग आला. एवढी चांगली फटका डाळ, सगळ्यात वरच्या दर्जाची, आणि हात लावत नाहीत म्हणजे काय?

मुनशींनी बोळा काढला आणि विचारलं, "पातेलं पाठवलं का?"

कोणी पाठवलं नव्हतं. तिथं चूल नव्हती, भांडं नव्हतं, पाणी दुरून आणावं लागत होतं, आणि आम्ही कच्ची डाळ पाठवली होती. डाळवाल्याला डाळ दिसली की त्याला अन्न दिसतं. ते अन्न नसतं, दाणे असतात. हे एवढ्या मालकांतल्या एकाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी तर शिजवणारी.

मग मुनशींनी सभेचं मोठं पातेलं ट्रकमध्ये घातलं, सोबत लाकडं, पाण्याची पिंपं आणि मला. दोन मालकही बसले. वाटेत फाळका आपटून पातेल्याला पोचा पडला, तो अजून आहे. तिथं पोचल्यावर मुनशींनी सगळ्या मिलांची पोती एका ताडपत्रीवर रिकामी करायला लावली. सोबतचे मालक हबकले. वरच्या दर्जाची आणि खालच्या दर्जाची डाळ मिसळणं म्हणजे आमच्या धंद्यात दुधात ताक ओतणं. एकजण म्हणाले, "मुनशी, तीन भावांची डाळ हाय ती."

"इथं भाव कोण विचारतंय?" मुनशी म्हणाले.

मी शिजवलं. लोकांनी खाल्लं. एक म्हातारी घास गिळून हळूच काहीतरी म्हणाली. मुनशींनी दोन्ही बोळे काढले आणि तिच्यापुढं उकिडवे बसले. "काय म्हणालात, आजी?"

"मीठ न्हाई."

मीठही आणलं नव्हतं. डाळवाले ते डाळवालेच. मुनशी कोणाच्या तरी जीपमध्ये बसून औशाला गेले आणि मिठाचं पोतं घेऊन आले. त्यांची स्वतःची पडवी तशीच पडलेली होती, तिकडं ते वळले नाहीत, हे मला जीपवाल्याकडून कळलं. आम्ही त्या गावात होतो तोवर त्यांनी बोळे खिशात ठेवले होते. तिथं कोणी ओरडत नव्हतं. कान बंद करण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर काही वर्षांनी लातूरला मुलं येऊ लागली. आधी थोडी, मग एसटी भरभरून. नांदेडची, मुदखेडची, पार इस्लापूरकडची. पाठीवर वळकटी, हातात ट्रंक, आणि बाप मागं चालतोय खोली शोधत. ज्याला डॉक्टर व्हायचं तो लातूरला, असं होऊन बसलं. आमच्या वसाहतीत जागा मोठ्या आणि मिला मंदीत. मग एका शेटनं गोडाऊनात पलंग टाकले. दुसऱ्यानं बघून टाकले. जिथं तूर वाळत घालायचे त्या गच्चीवर मुलांच्या चड्ड्या वाळायला लागल्या. मी क्लासला नावं ठेवणार नाही. माझ्या मुलानं तिथंच झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि आमचं घर त्याच्यावर उभं राहिलं. भेग बुजवून वर स्लॅब पडला तो मुलांच्या नोट्सच्या पैशानं.

सभाही बदलल्या. मालक म्हणू लागले की वेळ नाही, हॉटेलात बसून पटकन उरकू. हॉटेलात पनीर खायचे आणि उरकायचे. पातेलं भिंतीला टेकून राहिलं. मुनशी हॉटेलात जात नसत. ऑफिसात बसून राहायचे.

अध्यक्षांचा मुलगा, त्याला सगळे धाकटे शेट म्हणायचे, त्यानं मग विषय काढला की असोसिएशनचा हॉल नुसता पडून आहे, तो क्लासला देऊन टाकू. असोसिएशनला कपाट लागतं, खोली कशाला? कपाट कुठंही ठेवता येतं. क्लासचे सर हॉल बघायला आले. टेप लावून भिंती मोजल्या. माणूस वाईट नव्हता. जाताना मला म्हणाला, "मावशी, तुम्ही राहा हं. झाडायला बाई लागतेच. इथल्यापेक्षा जास्त देऊ." मी म्हटलं, बघते.

मुनशी बोळे घालून टेबलाशी बसले होते. त्या दिवशी औशाच्या गाडीला निघताना मला म्हणाले, "प्रत्येक खोलीत पंखा लावणार हायेत म्हणे. बघा, बाई. विचार करा." खोचून बोलले नाहीत. खरंच बोलले.

हॉल द्यायचा तर सगळ्या सभासदांची सभा हॉलमध्येच घ्यावी लागत होती. मुनशींनी निरोप पाठवले, जेवण झाल्यावर सभा, नेहमीप्रमाणे. मालकांनी निरोप वाचला, पण नेहमीप्रमाणे म्हणजे काय ते विसरून गेले होते.

दुपारी एकेक गाडी यायला लागली. दारात मुनशी पोचा पडलेलं पातेलं पुढ्यात घेऊन बसले होते. येणाऱ्याकडं बघायचे आणि नुसतं म्हणायचे, "मूठ?"

दोन-चार जुने मालक होते, त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. बाकीचे हात चोळत उभे. कोणी म्हणाला विसरलो, कोणी म्हणाला आज उपास आहे. "ताट नको तर मतही नको," मुनशी म्हणाले. मग ड्रायव्हरांना पळवलं, डाळ आणा म्हणून. इथंच खरी अडचण झाली. ड्रायव्हर मिलवर जाऊन काय आणणार? मिलमध्ये पलंग होते.

धाकट्या शेटचा ड्रायव्हर सगळ्यात आधी आला. धाकट्या शेटनं पिशवीतून डाळ काढून दिली. प्लॅस्टिकचा पुडा, वर पिन मारलेली. मुनशींनी चष्मा लावून पुड्यावरचं नाव वाचलं आणि पुडा त्याच्या हातात परत ठेवला.

"ही अकोल्याची हाय."

बाहेर उभे असलेले मालक हसायला लागले, आणि मग हसायचे थांबले, कारण त्यांचेही ड्रायव्हर किराणा दुकानांकडंच गेले होते.

मी आत गॅसवर आधण ठेवलं होतं. पातेलं माझ्याकडं आलं तेव्हा त्यात तळ झाकण्याइतकीही डाळ नव्हती. माझ्या भावानं शेतातली तूर दिली होती, ती मी त्या दिवशी सकाळीच घरी जात्यावर भरडली होती आणि हॉलच्या अंगणात मोकळी जागा म्हणून पाखडायला आणली होती. त्यातली एक मूठ मी पातेल्यात टाकली. दुसरं काही मनात नव्हतं. एवढ्या पाण्यात एवढीशी डाळ घालून गॅस जाळणं मला बघवेना.

ज्यांच्या मुठी होत्या ते पंगतीला बसले. बाकीचे भिंतीकडेच्या खुर्च्यांवर. वरण पातळ झालं होतं. अध्यक्ष आले तेव्हा रिकाम्या हातानंच आले आणि दारात थांबले. ते मोठे मानी. मला वाटलं, आता चिडणार. पण ते मुनशींना म्हणाले, "माझी मिल बंद आहे, मुनशी. गोडाऊनात मुलं राहतात. मी कुठून आणू?" इतकी वर्षं मिलची पाटी तशीच लटकवून ठेवली होती त्यांनी. हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. मग ते जाऊन भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले.

जेवण झालं. धाकटे शेट उठले आणि हॉल देण्याच्या बाजूनं बोलले. चांगलं बोलले. मग हात वर करायला सांगितले आणि खुर्च्यांवरचेही हात वर झाले. मुनशी म्हणाले, "खुर्च्यांवरचे हात खाली घ्या. ज्याची मूठ पातेल्यात, त्याचं मत."

"हा कुठला कायदा?" धाकटे शेट म्हणाले.

"जुना आहे," अध्यक्ष खुर्चीवरून म्हणाले. "मुनशींनी सुचवला होता आणि मीच पास केला होता. तू तेव्हा शाळेत होतास."

पुन्हा हात वर झाले, या वेळी फक्त पंगतीतले. आता तुम्हाला वाटेल की डाळ फोडणाऱ्यांनी हॉल राखला. तसं झालं नाही. त्यांच्यातल्या काहींना पैशाची निकड होती, मिल चालवणाऱ्यालाच ती जास्त असते. हात मोजले तर दोन्हीकडं सारखे. अध्यक्षांचं मत अशा वेळी धरतात, पण अध्यक्षांची मूठच नव्हती.

मग धाकटे शेट माझ्याकडं बोट करून म्हणाले, "मूठ मूठ करताय, तर मूठ त्या मावशीनंपण टाकलीय. मी बघितलं. मग काय, आता मावशी मत देणार?" सगळे हसले.

मुनशींनी दोन्ही कानांतले बोळे काढून टेबलावर ठेवले.

"बाई, डाळ कोणाची?"

"माझी. भावाच्या शेतातली तूर."

"कोणी फोडली?"

"मी. जात्यावर."

"कधीची?"

"आज सकाळची."

मुनशी सभेकडं वळले. "तूर फोडून डाळ करते, ती मिल. दगडाची असली म्हणून काय झालं. तुमच्या आज्यांनी ह्यावरच धंदा सुरू केला होता. बाईची मूठ पातेल्यात हाय, बाई मत देईल."

"अहो, चेष्टेनं म्हणालो मी," धाकटे शेट म्हणाले.

"बाईचं बोळे काढून ऐकलंय मी. आता कसं न्हाई म्हणता?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पदराला हात पुसत उभी होते. असोसिएशनच्या प्रेमापोटी मी काही केलं असं कोणी समजू नये. मी हिशेब केला. क्लासमध्ये पगार जास्त होता. पंखा होता. पण तिथं माझ्या हातात झाडू राहिला असता, आणि इथं पातेलं होतं. झाडूवाली सगळ्यांच्या शेवटी उरते. शिजवणारीचा घास पहिला असतो. मला पहिल्या घासाची सवय झाली होती.

"हॉल द्यायचा न्हाई," मी म्हटलं. हात वर करायचा राहिला, तो मग केला.

गलका झाला. मुनशींनी बोळे पुन्हा कानांत घातले, सभा संपली असं सांगितलं आणि छत्री घेऊन औशाच्या गाडीला गेले. दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "बाई, वरण पातळ होतं." मी म्हटलं, "डाळ नव्हती." ते म्हणाले, "हाव, ते बी खरं."

क्लासच्या सरांना शेजारचंच गोडाऊन मिळालं, त्यांचं काही अडलं नाही. धाकट्या शेटनं दोन वर्षांनी मिलचा एक पट्टा पुन्हा चालू केला. लोक म्हणतात भाव वाढला म्हणून. असेल. पण पट्टा चालू झाल्यावरच्या पहिल्या सभेला त्यानं मूठ आणली ती सगळ्यांना दिसेल अशी उंच धरून आणली. मीही दर महिन्याला माझी मूठ नेत राहिले. कोणी हसलं नाही. एकदा माझ्या डाळीत खडा निघाला तर अध्यक्षांनी सगळ्यांदेखत सुनावलं, तेव्हा मला समजलं की मी खरीच सभासद झाले आहे.

मुनशी थकले. औशाच्या गाडीत उभं राहवेना, तेव्हा त्यांनी काम सोडायचं ठरवलं. मालकांनी शाल, श्रीफळ, फोटो असं काय काय ठरवलं. मुनशींनी ऐकून घेतलं, बोळा काढून पुन्हा ऐकून घेतलं आणि नको म्हणाले. शेवटच्या सभेच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "बाई, तुमचं जातं उद्या हॉलवर आणता येईल का?"

मी मुलाच्या स्कूटरवर घालून आणलं. मुनशी अंगणात सतरंजीवर मांडी घालून बसले. औशाहून येताना रुमालात मूठभर तूर बांधून आणली होती. मी खुंटा कसा धरायचा ते दाखवलं. त्यांना जमत नव्हतं. उलटं फिरवलं, मग थांबत थांबत सुलटं. मालक एकेक करून आले आणि गोल करून उभे राहिले. कोणी मदतीला वाकला की मुनशी त्याचा हात बाजूला सारायचे. घामानं अंगरखा पाठीला चिकटला. निम्मी डाळ निघाली, निम्म्याची चुणी झाली, गाईला घालावी अशी.

ते उठले आणि हातातलं सगळं चुणीसकट पातेल्यात टाकणार होते. मी सूप पुढं केलं. पाखडून जेवढी डाळ उरली तेवढी त्यांच्या ओंजळीत दिली. ती त्यांनी स्वतः सोडली. त्या दिवशी दारात पातेलं घेऊन मी बसले होते.

मग पंगत बसली आणि मुनशी पंगतीत बसले. दोन्ही बोळे काढून ताटाच्या कडेला ठेवले. मी वाढलं. एवढी वर्षं वासावर बघितलेलं वरण त्यांनी भातात कालवलं, घास घेतला, सावकाश चावला. एक दाणा कच्चा राहिला होता, तो दाताखाली आल्याचा आवाज मला ऐकू आला. बहुतेक त्यांचाच असणार.

मी डाव हातात घेऊन उभी होते. पंगतीतले सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"चालंल," मुनशी म्हणाले, आणि ताट पुढं केलं.